जुनी ट्रेसर गोळी आंधळी का होते

काडतूस व्यवस्थित उडतं. आवाजात, धक्क्यात काही कमी जाणवत नाही आणि गोळी लक्ष्यावर पोचतेही. फक्त तिच्यामागे जी उजेडाची रेघ उमटायला हवी ती उमटत नाही. जुन्या ट्रेसरच्या, म्हणजे जाताना मागे उजेडाची रेघ सोडणाऱ्या गोळीच्या, बाबतीत हे इतकं नेहमीचं आहे की दारूगोळ्याचं काम करणारी माणसं अशा गोळीला सरळ 'आंधळी' म्हणतात. एका लॉटमध्ये (कारखान्यातून एकत्र निघालेल्या खेपेत) एखादीच आंधळी निघते, दुसऱ्यात निम्म्या निघतात, आणि कधीकधी कित्येक दशकं बंद राहिलेला डबा फोडला तरी सगळ्या लखलखत जातात. नुसत्या वयानेच गोळी बिघडत असती, तर एवढा फरक पडला नसता.

बिघडवतो तो ओलावा. त्यालाही गोळीतलं सगळं मिश्रण खराब करावं लागत नाही. बुडाशी असलेला एक पातळ थर बिघडला तरी पुरतं. या थराला पेटायला किती कमी वेळ मिळतो आणि ओलावा त्याचं नेमकं काय करतो, हे कळलं की जुन्या ट्रेसरबद्दलच्या बहुतेक शंका सुटतात.

गोळीच्या पोटात

साध्या रायफल गोळीत बाहेर तांब्याच्या मिश्रधातूचं जॅकेट (किंवा तांब्याचा मुलामा दिलेलं पोलादी जॅकेट) आणि आत शिसं किंवा पोलाद असतं. ट्रेसरमध्ये शिसं फक्त पुढच्या भागात असतं. मागे पोकळी ठेवतात आणि तिच्यात जळणारं मिश्रण थरावर थर देत जबर दाबाने ठासून भरतात. भरल्यावर ते खडूच्या कांडीसारखं घट्ट होतं. रायफलच्या गोळीत हे सगळं मिश्रण एका ग्रॅमच्या आतच मावतं. ७.६२ मिमीची अमेरिकी एम६२ ट्रेसर घ्या: अख्खी गोळीच सव्वानऊ ग्रॅमच्या आसपास आहे.

मुख्य मिश्रणात इंधन म्हणून मॅग्नेशियमची पूड असते. ऑक्सिजन पुरवायला स्ट्रॉन्शियम नायट्रेट असतं आणि ज्योतीचा लाल रंगही स्ट्रॉन्शियमचाच. हिरवी रेघ हवी असेल तर बेरियमचे क्षार वापरतात. हे सगळं बांधून ठेवायला राळेसारखा पदार्थ किंवा पीव्हीसी असतं. पीव्हीसीमधला क्लोरीन लाल रंग आणखी गडद करतो, त्यामुळे त्याचा दुहेरी उपयोग होतो. गोळीच्या टोकावरच्या रंगाचा मात्र या ज्योतीशी संबंध नाही. एम६२चं टोक नारिंगी असतं, सोव्हिएत पद्धतीत ट्रेसरचं टोक हिरवं रंगवतात. ती फक्त ओळखीची खूण आहे. टोकाचा रंग ताजा दिसतो म्हणून मिश्रण ताजं, असं समजणाऱ्यांची फसगत होते.

आता तो पातळ थर. मुख्य मिश्रण भरपूर उजेड देतं, पण पेटायला हट्टी असतं. जाड लाकडाला काडी लावून ते पेटत नाही, आधी पेटवण लागतं, तसंच इथेही आहे. म्हणून पोकळीच्या अगदी तोंडाशी, गोळीच्या बुडाकडे, पेटवणाचा वेगळा थर ठासलेला असतो. तो कमी उष्णतेवर पेट घेतो. त्यात मॅग्नेशियमबरोबर बहुधा बेरियम किंवा स्ट्रॉन्शियमचं पेरॉक्साइड असतं, कारण ही पेरॉक्साइडं तापली की ऑक्सिजन सहज सोडतात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी .३०३ काडतुसासाठी जी ट्रेसर काढली तिचं मिश्रणही बेरियम पेरॉक्साइड आणि मॅग्नेशियमचंच होतं. काही रचनांमध्ये या दोन थरांच्या मध्ये मंद जळणारा तिसरा थर देतात, म्हणजे गोळी थोडं अंतर कापेपर्यंत झगझगत नाही. नेमबाजाचे डोळे दिपत नाहीत आणि त्याची जागाही लगेच उघडी पडत नाही.

पेटायला मिळतो एक मिलिसेकंद

पेटवणाचा थर काडतुसातल्या दारूकडे तोंड करून बसलेला असतो. काडतुसाच्या बुडातल्या कॅपवर (ठिणगी देणाऱ्या टोपीवर) घाव बसला की दारू पेटते, तिचा तप्त वायू गोळीला नळीतून ढकलतो आणि त्याच वेळी गोळीचं बूडही भाजून काढतो. ट्रेसरला पेटायची संधी मिळते ती इथेच.

ही संधी किती लहान आहे ते मोजून पाहू. गोळी नळीत साधारण अर्धा मीटर धावते आणि बाहेर पडताना तिचा वेग सेकंदाला ८४० मीटरच्या घरात असतो. सुरुवात शून्यापासून असल्यामुळे सरासरी वेग याच्या निम्मा धरला, तर नळीतला मुक्काम सव्वा मिलिसेकंदाच्या आसपास येतो. डोळ्याची पापणी एकदा मिटून उघडायला शंभराहून जास्त मिलिसेकंद लागतात. एवढ्या वेळात थराच्या पृष्ठभागाने उष्णता पिऊन, पेटून, स्वतःच्या जोरावर जळत राहायचं असतं.

वायूचा दाब या कामात मदत करतो. नळीतला कमाल दाब वातावरणाच्या तीन हजार पटींहून जास्त असतो आणि त्यामुळे तापलेला वायू पृष्ठभागावर दडपून बसतो. पण गोळी नळीबाहेर आली की हा दाब एका झटक्यात कोसळतो. जळत्या मिश्रणावरचा दाब असा अचानक उतरला तर कच्ची पेटलेली ज्योत विझू शकते. म्हणजे ट्रेसरची परीक्षा दोनदा होते: आधी मिलिसेकंदात पेटायचं आणि मग नळीच्या तोंडाशी टिकायचं. नव्या गोळीत पेटवण इतकं तयार असतं की या दोन्ही गोष्टी सहज निभतात. जुन्या गोळीत ही जादाची ताकद हळूहळू संपत जाते. बरीच वर्षं काहीच फरक दिसत नाही आणि मग एका हद्दीपलीकडे गोळ्या भराभर आंधळ्या निघू लागतात, त्याचं कारण हेच.

यात भर पडते ती यांत्रिक ताणाची. नळीत गोळीला मिळणारं सरासरी त्वरण गुरुत्वाच्या साठ हजार पटींच्या पुढे जातं. नळीतल्या आट्यांमुळे ती फिरतेही. १२ इंचांना एक वळसा असलेल्या नळीतून ८४० मीटर वेगाने निघालेली गोळी सेकंदाला सुमारे २,७५० फेरे घेते, मिनिटाचा हिशेब केला तर १,६५,०००. अक्षापासून दोन मिलिमीटरवर बसलेल्या मिश्रणाच्या कणाला या फिरण्यामुळे त्याच्या वजनाच्या साठ हजारपट जोर बाहेर खेचत असतो. कांडी अखंड असेल तर ती हे सोसते. तडा गेलेली असेल तर पेटवणाचा तुकडा पेटण्याआधी, किंवा पेटून मागच्या थराला आग देण्याआधी, बुडातून निखळून पडू शकतो.

पाणी आणि मॅग्नेशियम

मॅग्नेशियमची पाण्याशी क्रिया होते आणि त्यातून मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोजन वायू तयार होतात. कोरड्या हवेत धातूवर ऑक्साइडचा पापुद्रा बसतो, पण तो धातूला पुरता झाकत नाही. ज्या धातूपासून हा ऑक्साइड बनतो त्याच्या ०.८ पट जागाच तो व्यापतो. कपडा अंगाला तोकडा पडावा तसा तो तोकडा पडतो आणि फटींतून ओलाव्याला वाट मिळते. अॅल्युमिनियमचा पापुद्रा धातूला घट्ट झाकून वाचवतो. मॅग्नेशियमला ते नशीब नाही.

आता आकडे पाहा, कारण इथे प्रमाणं फार बोलकी आहेत. एक मिलिग्रॅम मॅग्नेशियम संपायला फक्त दीड मिलिग्रॅम पाणी लागतं. त्यातून २.४ मिलिग्रॅम हायड्रॉक्साइड तयार होतं आणि खोलीच्या तापमानाला जवळजवळ एक मिलिलीटर हायड्रोजन सुटतो. गोळीतली पोकळी मुळात एका घनसेंटिमीटरच्याही आत असते. ठासलेल्या कांडीच्या आत असा वायू तयार झाला की तो बाहेर पडायला वाट शोधतो आणि वाट नसेल तिथे तडे पाडतो. हायड्रॉक्साइड स्वतःही मूळ धातूच्या पावणेदोन पट जागा मागतं, म्हणजे कांडी आतून फुगते. कडेला जॅकेटचा अटकाव असतो, मोकळी बाजू फक्त बुडाची. साहजिकच पेटवणाचा थर मागे ढकलला जातो, भेगाळतो, कधी पावडरीसारखा सुटतो.

पण तड्यांपेक्षाही मोठा घात रसायन करतं. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड हा पदार्थ विजेच्या केबलींच्या आवरणात आग पसरू नये म्हणून मुद्दाम घालतात. तापमान साडेतीनशे अंशांच्या आसपास गेलं की ते विघटतं, आपल्या वजनाच्या ३१ टक्के पाणी वाफेच्या रूपाने सोडतं आणि हे करताना दर ग्रॅममागे सुमारे १.४ किलोज्यूल उष्णता गिळतं. जुन्या ट्रेसरच्या पेटवणात नेमका हाच पदार्थ, नेमका त्या पृष्ठभागावर, मॅग्नेशियमच्या प्रत्येक कणाभोवती साय धरल्यासारखा बसलेला असतो. जिथे आग धरायला हवी तिथे आगरोधकाचा लेप! हाती एक मिलिसेकंद आणि त्यातली उष्णता आधी हा लेप तोडण्यात खर्च होते. पेटवण पेटत नाही ते यामुळे.

दुसरीकडे पेरॉक्साइडही स्वस्थ नसतं. ओलसर हवेत, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या संगतीने बेरियम पेरॉक्साइडचं हळूहळू कार्बोनेट होतं. कार्बोनेट म्हणजे चुनखडीच्या जातीचा पदार्थ, तो पेटवणाला ऑक्सिजन देऊ शकत नाही. म्हणजे एकाच थरात इंधनही घटतं, ऑक्सिजनही घटतो आणि दोन्हीची जागा निव्वळ भरताड घेते.

स्ट्रॉन्शियम नायट्रेटची अडचण वेगळी आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ८५ टक्क्यांच्या वर गेली की हा क्षार हवेतलं पाणी ओढून स्वतः त्यात विरघळू लागतो. कोरडी पूड असते तोवर कणाकणांत विजेची ये-जा जवळजवळ नसते. क्षाराचं पाणी झालं की ते बॅटरीतल्या द्रावासारखं काम करतं. एका बाजूला मॅग्नेशियम, दुसऱ्या बाजूला जॅकेटचं तांबं, मध्ये खारं पाणी. या दोन धातूंच्या प्रमाण विद्युत विभवांत २.७ व्होल्टचा फरक आहे आणि अशा जोडीत नेहमी मॅग्नेशियमच झिजतं. ही झीज जॅकेटला लागून असलेल्या कडेला जास्त होते, आणि गोळी फिरताना सर्वांत जास्त खेचही तिथेच बसते.

हे टाळायला कारखाने मॅग्नेशियमच्या कणांना आधीच लेप देतात. जुन्या काळी उकळलेल्या जवसाच्या तेलाचा किंवा राळेचा लेप असे, शिवाय डायक्रोमेटची प्रक्रिया करत. लेपामुळे झीज लांबते, पण कायमची थांबत नाही. तेलाचा पापुद्राही वर्षानुवर्षं कडक होत जातो आणि कडक झाला की भेगाळतो.

सीलबंद काडतुसात पाणी येतं कुठून?

बरेच जण इथे अडतात. कॅपभोवती लाखेचं सील आहे, पुंगळीच्या (दारू भरलेल्या कवचाच्या) गळ्यात डांबरी लेप आहे, मग ओलावा शिरलाच कसा?

पहिलं उत्तर असं की थोडं पाणी सुरुवातीपासून आतच असतं. नायट्रोसेल्युलोजच्या दारूत साधारण एक टक्क्यापर्यंत ओलावा राहतो. ती पूर्ण कोरडी केली तर जळण्याचा वेग बदलतो, म्हणून तसं करतही नाहीत. ७.६२च्या काडतुसात तीन ग्रॅमच्या आसपास दारू धरली तर त्यात ३० मिलिग्रॅमपर्यंत पाणी झालं. दीड मिलिग्रॅम पाण्याला एक मिलिग्रॅम मॅग्नेशियम, या हिशेबाने हे २० मिलिग्रॅम धातू खाऊ शकतं. तेवढं पाणी एरवी दारूला धरून बसलेलं असतं. पण पेटी उन्हात तापली की त्याची वाफ होऊन ते दारूतून सुटतं आणि रात्री थंडावलं की जिथे जागा मिळेल तिथे बसतं. दारूला लागून काय आहे? गोळीचं बूड. गरम-थंड असे शेकडो दिवस गेले की दारूतला ओलावा थोडा थोडा करून पेटवणाकडे सरकतो. पत्र्याच्या तापणाऱ्या शेडमधला साठा जमिनीखालच्या थंड कोठारातल्या साठ्यापेक्षा आधी बिघडतो, त्यात या सरकण्याचा वाटा मोठा आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होतात हा ढोबळ नियमही इथे लागू पडतो.

दुसरी वाट बाहेरून आत येणारी. डब्याचं रबरी गॅस्केट कडक झालं किंवा झाकण एकदा उघडून नीट बसलं नाही की डबा श्वास घेऊ लागतो. आतली हवा २० अंशांवरून ४५ अंशांवर गेली की साडेआठ टक्के फुगते, तेवढी बाहेर पडते आणि संध्याकाळी तेवढीच बाहेरची दमट हवा आत येते. हे रोज घडतं. काडतुसाचं सील पक्कं असेल तर तिथे ओलावा अडतो, पण सीलही म्हातारं होतं. लाख तडकते, डांबर आकसतं. पट्ट्यात लावलेल्या काडतुसांना तर कड्यांची ओढ, वाहतुकीतली आदळआपट आणि हाताळणी यांमुळे गोळी गळ्यात किंचित हलण्याचा धोका असतो. एकदा हलली की लेपाचं कडं तुटतं.

पुंगळीचा गळाच फाटला तर सीलचा प्रश्नच उरत नाही. ब्रिटिश अमदानीत, एकोणिसाव्या शतकात, भारतातल्या लष्करी तबेल्यांत पावसाळ्यात ठेवलेल्या पितळी काडतुसांना गळ्याशी चिरा पडत. जनावरांच्या मूत्रातून येणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळेत मुळातच राहिलेला ताण या तिन्हींच्या संगमाने ते होई आणि १९२१ मध्ये त्याची नीट उकल झाली. तेव्हापासून पुंगळीचा गळा तापवून त्यातला ताण काढण्याचं महत्त्व सगळीकडे मान्य झालं. आजही साठ्याजवळ अमोनियाची साफसफाईची द्रव्यं ठेवू नयेत ती याचसाठी.

दमट दिवशी डबा उघडून पुन्हा बंद करणं हा सर्वांत साधा आणि सर्वांत जास्त होणारा प्रमाद आहे. ३० अंशांची पूर्ण दमट हवा दर घनमीटरमागे ३० ग्रॅम पाणी बाळगते, २० अंशांची जेमतेम १७. म्हणजे पावसाळी दुपारी कोंडलेली एक लिटर हवा रात्री थंड झाली की १३ मिलिग्रॅम पाणी आतल्याच वस्तूंवर टाकते. गॅस्केट जितकं उत्तम, तितकं ते पाणी आत पक्कं कोंडलं जातं.

दोष दारूचा किंवा कॅपचाही असू शकतो

पेटवण बरं असूनही गोळी आंधळी जाऊ शकते, कारण त्याला पेटवणारी दारूच दुबळी झालेली असते. नायट्रोसेल्युलोज आपोआप, फार सावकाश, विघटत असतं. त्यातून सुटणारे नायट्रोजनचे ऑक्साइड शोषून घ्यायला दारूत डायफेनिलअमाइनसारखा स्थिरक घातलेला असतो. स्थिरक संपला की हे वायू ओलाव्याशी मिळून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दारू, पुंगळी आणि पेटवणातलं मॅग्नेशियम या तिघांनाही खातं. दाब कमी, वायूची उष्णता कमी, पेटवण झिजलेलं: अशी गोळी पेटली तरच नवल. दारूला उग्र आंबट वास येणं, तांबूस धूळ सुटणं, पुंगळीच्या आत हिरवट थर दिसणं ही स्थिरक संपल्याची लक्षणं आहेत. इथे ट्रेसरचा प्रश्न दुय्यम होतो. असा साठा आपोआप तापण्याचा धोका असतो, तो वेगळा काढून जाणत्या यंत्रणेच्या हवाली करायचा.

थंडीचाही परिणाम होतो. शून्याखालच्या तापमानात दारूचा दाब उतरतो आणि पेटवणाला तापवायला उष्णता जास्त लागते. उबेत कशीबशी पेटणारी जुनी गोळी थंडीत आंधळी जाते.

खरंच पेटली नाही, की दिसली नाही?

लॉटला नावं ठेवण्याआधी हे तपासावं. भर उन्हात, उजळ मातीच्या पार्श्वभूमीवर, लालसर रेघ सहज हरवते. मंद थर असलेल्या गोळीत झगमगाट नळीपासून बऱ्याच अंतरावर सुरू होतो; जवळचं लक्ष्य ठेवलं तर तो सुरू व्हायच्या आधीच गोळी मातीत घुसते. काही ट्रेसर मुळातच अंधुक असतात. अमेरिकी एम२७६ची रेघ रात्रीच्या दुर्बिणीतूनच दिसावी अशी आखलेली आहे, उघड्या डोळ्याला ती आंधळीच वाटेल. तिचं टोक हिरवं आणि त्याखाली गुलाबी कडं असतं.

नोंद ठेवायची तर संध्याकाळच्या उजेडात, नेमबाजाच्या मागे थोडं उंचावर एक निरीक्षक बसवून ठेवावी. प्रत्येक गोळीपुढे चारपैकी एक शेरा: नीट पेटली, उशिरा पेटली, मध्येच विझली, आंधळी. शेजारी लॉट क्रमांक, डब्यातली जागा आणि तापमान. डब्यातली जागा लिहायला लोक विसरतात, आणि खरी गोष्ट बहुधा तीच सांगते. आंधळ्या गोळ्या झाकणाजवळच्या किंवा एका कोपऱ्यातल्याच असतील तर गॅस्केट गळतंय. डब्यात सगळीकडे सारख्या विखुरल्या असतील तर काडतुसांची सीलं किंवा लॉटच म्हातारा झालाय. मध्येच विझणाऱ्या जास्त असतील तर पेटवण ठीक आहे, पण मुख्य कांडीला तडे आहेत.

वजन करून बिघाड ओळखता येईल का, हा प्रश्न हमखास येतो. नाही. पाच मिलिग्रॅम मॅग्नेशियम बिघडलं तर वजन फार तर सात मिलिग्रॅमने वाढेल. नव्या गोळ्यांच्या वजनातच यापेक्षा जास्त फरक असतो. जोडलेल्या काडतुसात बूड दिसत नाही, त्यामुळे डोळ्यांनीही कळत नाही. म्हणून मोठ्या साठ्यांची पारख आजही लॉटमधून नमुने काढून ते उडवूनच करतात.

झडताना आवाज दबका आला किंवा धक्का कमी जाणवला तर ट्रेसरचा विचार बाजूला ठेवा. गोळीबार थांबवा, हत्याराचं तोंड लक्ष्याकडेच ठेवून नियमात दिलेला वेळ थांबा, हत्यार रिकामं करा आणि नळी आरपार मोकळी आहे हे पाहिल्याशिवाय पुढची गोळी भरू नका. दुबळ्या दारूने गोळी नळीतच अडकलेली असू शकते.

सुकवून उपयोग होत नाही

ओलाव्याने बिघडलं आहे तर उन्हात ठेवून किंवा गरम करून सुधारेल, असा समज पसरलेला आहे. पाणी निघून जाईल, पण हायड्रॉक्साइडचं पुन्हा मॅग्नेशियम होत नाही आणि कार्बोनेटचं पेरॉक्साइड होत नाही. तडे सांधत नाहीत. उलट उष्णतेने दारूतला ओलावा बुडाकडे सरकतो आणि स्थिरक लवकर संपतो. गोळी उपसून बूड खरवडणं, त्यावर काही चोळणं हे तर सरळ आगीशी खेळणं आहे. पेटवण घर्षणाने पेटू शकतं आणि मॅग्नेशियमची ज्योत हाताचं हाड उघडं पाडते.

करता येतं ते एवढंच, की अजून चांगल्या असलेल्या गोळ्या चांगल्या ठेवायच्या. कारखान्याचा मूळ डबा गरज पडेपर्यंत फोडू नये. सोव्हिएत पद्धतीचे झाळलेले पत्र्याचे डबे यात फार खात्रीचे, कारण त्यांत गॅस्केटच नाही. उघडलेला डबा बंद करायचा तर कोरड्या दिवशी किंवा कोरड्या खोलीत, काडतुसं खोलीच्या तापमानाला आल्यावर. थंड कोठारातून दमट बाहेर आणलेल्या काडतुसांवर दव धरतं, त्या अवस्थेत झाकण लावू नये. आत रंग बदलणारं सिलिका जेल ठेवावं. निळ्याचं गुलाबी किंवा नारिंगीचं हिरवं झालं की बदलावं. दाणे भाजून पुन्हा वापरायचे असतील तर ते डब्याबाहेर, साठ्यापासून दूर भाजावेत. कोठाराची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आणि तापमान शक्य तितकं एकसारखं ठेवावं. काडतुसं पुसायची तर कोरड्या कापडाने. पसरणारी तेलं सीलच्या फटीतून कॅपपर्यंत आणि दारूपर्यंत झिरपतात, म्हणून ती लावू नयेत.

डबा उघडताना झाकण फुगलेलं दिसलं किंवा हवा सुटल्याचा आवाज आला तर तो हायड्रोजन असू शकतो. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात तो पेट घेतो. असा डबा मोकळ्या हवेत, ठिणगी उडेल असं काही जवळपास न ठेवता, जाणत्या माणसानेच उघडावा.

मातीत घुसलेली आंधळी गोळी

आंधळी गोळी मेलेली नसते. बिघडलेला असतो तो तोंडाशी असलेला थर. त्याच्या मागची कांडी बहुतेक वेळा चांगली राहते, कारण घट्ट ठासलेल्या मिश्रणात ओलावा फार सावकाश आत जातो. गोळी दगडावर आपटून फुटली की ही कांडी उघडी पडते आणि आपटण्याच्या उष्णतेने तिथेच पेटू शकते. रेघ दिसली नाही म्हणून वाळलेल्या गवताच्या मैदानावर आगीची तयारी ढिली करून चालत नाही. पेटलेल्या कांडीवर पाणी मारू नये, जळतं मॅग्नेशियम पाण्यातूनही हायड्रोजन काढतं. कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडरही निकामी, कारण मॅग्नेशियम त्यातही जळतं. वाळूने ती पुरती विझत नाही, मिश्रणाचा ऑक्सिजन त्याच्या पोटातच असतो. पण आजूबाजूला पसरायची थांबते. गोळीएवढी कांडी दोन-चार सेकंदांत जळून संपते, तोवर बाजूला उभं राहून भोवतालचं गवत विझवावं.

सर्वांत वाईट अपघात होऊ शकतो तो शिसं वितळवताना. मैदानाच्या मातीतून चाळून काढलेल्या गोळ्या भट्टीत टाकतात तेव्हा त्यांत वापरलेली साधी गोळी कुठली आणि न पेटलेली ट्रेसर कुठली हे चिखलाने माखल्यावर ओळखू येत नाही. टोकाचा रंग केव्हाच गेलेला असतो. शिसं ३२७ अंशांवर वितळतं, कामाची भट्टी त्याहून बरीच तापलेली असते आणि झिजलेल्या पेटवणाला नळीत जो वेळ मिळाला नव्हता तो इथे मिनिटामिनिटांनी मिळतो. कांडी पेटली की वितळलेलं शिसं उसळून अंगावर येतं. म्हणून जिथे कधीही ट्रेसर उडवली गेली आहे त्या मैदानातलं शिसं वितळवण्याआधी प्रत्येक गोळीचं बूड बघावं: साध्या गोळीच्या बुडाला शिसं दिसतं किंवा जॅकेटने ते बंद असतं, जळलेल्या ट्रेसरच्या बुडाला रिकामी काळी पोकळी असते, आणि पांढरट-करडं भरलेलं भोक दिसलं तर ती गोळी हातानेही न उकरता जाणत्या यंत्रणेसाठी वेगळी ठेवावी.